साठातले दोन दात

भुसावळ, जामनेर रोड, शटर अर्धंच वर.
पहाटेचे साडेचार. मे महिन्यात याच्यानंतर
इंजिन जी हवा ओढतं ती भट्टीतलीच.

प्रणित भंगाळेची गाडी. जर्मन, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक.
बापानं केळीच्या एका चांगल्या वर्षात घेतलेली,
पोरानं पुण्याहून कॅम बदलून आणलेली.
आता जागेवर उभी असली तरी डुलते:
ढक, ढक्‌ढक, ढक.
त्याला तेच आवडतं.
फक्त तो पिवळा दिवा नको.
"हबीबभाऊ, ते मिसफायर बंदच करून टाका ना."

मी केळीच्या कॅरेटवर लॅपटॉप मांडतो.

क्रँकवर एक चाक असतं, साठ दातांचं.
दोन दात मुद्दाम ठेवलेले नसतात.
त्या रिकाम्या जागेवरून सेन्सरला कळतं
फेरा कुठे सुरू झाला.
मग तो वेळ मोजत बसतो, दातापासून दातापर्यंत.
ठिणगी लागली की दात वेळेत येतो,
हुकली की जरासा रेंगाळतो.
किती रेंगाळला म्हणजे चूक,
त्याचा तक्ता आहे; आडवे फेरे, उभा भार,
कुणीतरी थंड गावात बसून भरलेला,
शांत कॅमसाठी.

अब्बा चहा आणतात. "काय करू राह्यला?"
सांगतो.
"दोन दात नाहीत, तं बसव ना."
हसतात तेव्हा त्यांचे स्वतःचेही चार दिसत नाहीत.

न्यूट्रलला आकडे गरीब असतात.
डी टाकला, ब्रेकवर पाय ठेवला
की मोजणी टिपूर चांदण्यासारखी भरून येते.
एकेक घर वर उचलतो. सातशे फेरे. आठशे.
एका वेळी एकच घर, आणि मग थांबून ऐकायचं.

सावद्याच्या रस्त्याला घेतली, प्रणित चालवतोय.
तापीच्या पुलावर प्रत्येक सांध्याला एक चूक,
सगळ्या सिलिंडरांच्या नावे सारखी वाटलेली.
ती चूक नाही, तो पूल आहे.
कन्व्हर्टर लॉक झाला की मधे तेलाची उशी उरत नाही,
रस्ता थेट क्रँकचं मनगट धरतो.
ती घरं पण उचलली.

एक पाच तीन सहा दोन चार.
एक पाच तीन सहा दोन चार.
फैजपूरच्या अलीकडे, बावीसशे फेऱ्यांना,
रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी केळी स्तब्ध,
बाकी पाच शून्य.
सहा: तीन. सहा: चार.

"ते पण उचला की," प्रणित म्हणाला.

लहानपणी गादीच्या दुकानात
रुईच्या धुक्यात बसून मी अब्बांची तात ऐकायचो.
कानाला सगळं एकच, तुंग तुंग तुंग,
आणि मधेच ते हात थांबवायचे,
ढिगात बोट घालून एक सरकी काढायचे.
कशी कळली, विचारलं तर
"तात अडखळली," एवढंच.
तात सैल करून ठेवली असती
तर ती कधीच अडखळली नसती.
गादीत मात्र सरकी राहिली असती,
झोपणाऱ्याच्या बरगडीखाली.

नाही उचललं. "गाडी फिरव," म्हटलं.
सरकी वगैरे त्याला काही सांगितलं नाही.
एवढंच सांगितलं की न जळलेलं पेट्रोल
मागे जाऊन जळतं, कॅटॅलिटिक वितळतं,
आणि त्याची किंमत तुझ्या पप्पांना विचार.
तो फैजपूरपासून भुसावळपर्यंत बोलला नाही.

सहावा प्लग काढला.
पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर,
नखाला लागते, डोळ्याला नाही.
नवा घातला. परत तोच रस्ता, तोच वेग,
आता ऊन चढलेलं, ट्रक भरायला लागलेले.
सहा: शून्य. शून्य. एक. शून्य.
तो एक कुठून आला, माहीत नाही.
तक्त्यातलं ते घर मी तसंच सोडलं.

"म्हणजे दिवा परत लागू शकतो?" प्रणित विचारतो.
लागू शकतो.
तो पैसे मोजतो, दोनशे कमी देतो, जातो.
ढक, ढक्‌ढक, ढक, वळणापर्यंत.

अब्बा जुना प्लग उजेडात फिरवून बघतात.
"कुठं आहे चीर?"
नखानं दाखवतो.
त्यांच्या नखाला ती लागत नाही.
तरी मान हलवतात,
आणि प्लग सदऱ्याच्या खिशात टाकतात.